चाक, चिरंजीव आणि दहा मिलिमीटर

मनुष्याने चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवावे आणि निवृत्तीनंतर एका मोटारीच्या चाकाने त्याला 'अधिक' आणि 'उणे' या दोन चिन्हांचा अर्थ नव्याने शिकवावा, हे ऐकायला जरा चमत्कारिक वाटेल. पण माझ्या बाबतीत ते घडले आहे. आणि घडले ते ऐन दिवाळीत, फराळाचे डबे डिकीत असताना घडले. म्हणून दिवाळीच्या निमित्तानेच ते सांगून टाकतो.

आमची गाडी तशी साधी. 2016 साली निवृत्त झालो तेव्हा फंडाचे पैसे हातात आले. त्यातून एक छोटी मोटार घ्यावी ही सौभाग्यवतींची इच्छा. "उभा जन्म सायकलीवर गेला तुमचा, आता निदान पाऊस तरी काचेच्या आतून बघा," असे ती म्हणाली. घेतली. चौदा इंची लोखंडी चाके, त्यांवर करड्या रंगाच्या प्लास्टिकच्या ताटल्या, असे तिचे रूप. मला ती फार आवडे. आमच्या चिरंजिवांना मात्र त्या ताटल्या डोळ्यांत खुपत. "बाबा, गाडी चांगली आहे हो, पण पायांत स्लीपर घालून लग्नाला आल्यासारखी दिसते," असे तो म्हणायचा.

2023 च्या दिवाळीत त्याला नोकरीतला पहिला बोनस मिळाला. धनत्रयोदशीच्या दिवशी सकाळीच तो गाडी घेऊन गेला आणि दुपारी परतला तो हॉर्न वाजवीतच. आम्ही उभयता गॅलरीत आलो. खाली पाहतो तो गाडीचा थाट काही निराळाच! चारही चाके चांदीची ताटे घासूनपुसून ठेवावीत तशी लखलखत होती. नाना पेठेतल्या एका दुकानातून त्याने अलॉयची नवी चाके आणि त्यांवर नवे रुंद टायर बसवून आणले होते. पहिल्या बोनसचा मोठा भाग त्यात गेला होता.

"तुमच्यासाठी, बाबा," तो म्हणाला.

आता वाचकहो, तुम्हीच सांगा, अशा वेळी बापाने काय म्हणावे? मी जन्मभर पोरांच्या वह्यांवर लाल शाईने फुल्या मारल्या. पण त्या क्षणी माझ्याजवळ लाल शाई नव्हती. वास्तविक एक गोष्ट मला पहिल्याच नजरेला खटकली होती. चाके मडगार्डाच्या बाहेर डोकावत होती. जुनी चाके कशी पदराआड उभ्या राहिलेल्या मुलीसारखी आत असत. ही मात्र कोपर बाहेर काढून उभी होती. "जरा बाहेर आल्यासारखी वाटतात का रे?" एवढेच मी भीत भीत विचारले.

"तीच तर फॅशन आहे! दुकानदाराने सगळं जुळवून दिलंय. नटांची भोकं जुळतात, टायरची उंची जुळते, काळजी करू नका."

मी काळजी करायची सोडली. म्हणजे, बोलून दाखवायची सोडली.

पाडव्याच्या पहाटे आम्ही सगळे सारसबागेत दिवे पाहायला निघालो. लेक माहेरपणाला आली होती, सोबत सहा वर्षांचा नातू. गाडीत पाच माणसे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक स्पीडब्रेकर आहे, इतका उंच की तो ओलांडताना देव आठवावा. गाडी त्यावरून उतरली आणि मागच्या बाजूला 'खर्र' असा आवाज झाला. अर्धा सेकंद, जास्त नाही. चिरंजीव रेडिओवरचे गाणे ऐकत होते. सौभाग्यवती लेकीशी बोलत होती. आवाज ऐकला तो फक्त मी.

मी बोललो नाही. मनात म्हटले, दिवाळीचा दिवस, पोराने हौसेने आणलेले. उगीच कशाला विरजण घाला? आपल्याकडे म्हण आहे, भीड ही भिकेची बहीण. माझ्या लेखी ती नुसती भिकेची बहीण नाही, अपघाताचीही जवळची नातलग आहे. पण हे शहाणपण मला आले ते दुसऱ्या दिवशी.

दुसरा दिवस भाऊबिजेचा. माझी थोरली बहीण, आक्का, वाईला असते. वय अठ्ठ्याहत्तर. दर भाऊबिजेला मी तिच्याकडे जातो. ती दुपारपर्यंत जेवत नाही, निरांजन तयार ठेवून ओट्यावर वाट पाहत बसते. पुण्याहून वाई नव्वदेक किलोमीटर. आम्ही सकाळी निघालो. चिरंजीव गाडी चालवीत होते, त्यांच्या शेजारी मी, मागे सौभाग्यवती, लेक आणि नातू. डिकीत चकल्यांचा डबा, अनारशांचा डबा, आक्काला द्यायची साडी, दोन पिशव्या बटाटे (हे का, ते मला आजतागायत कळलेले नाही), आणि लेकीची बॅग. म्हणजे गाडी अगदी खाली बसली होती.

हमरस्त्यावर वेग ऐंशीच्या वर गेला की स्टिअरिंगला एक बारीक थरथर सुटे. खड्ड्यात पुढचे एक चाक गेले की स्टिअरिंग हातातून हिसका मारून त्या बाजूला वळू पाही. "नवीन टायर आहेत, मुरायला वेळ लागेल," चिरंजीव म्हणाले. जणू टायर म्हणजे कैरीचे लोणचे!

साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागे. बोगदा होता तो पुण्याकडे परतणाऱ्यांसाठी. घाटात वळणे आली आणि प्रत्येक वळणावर, बाहेरच्या बाजूला गाडी कलली की, मागून आवाज येऊ लागला. खर्र. पुन्हा खर्र. मी समोर पाहत राहिलो. तेवढ्यात मागून नातवाचा आवाज आला :

"आजोबा, गाडी खर्रखर्र का करते? आणि खोडरबर जाळल्यासारखा वास येतोय."

मुलांना भीड नसते, हा त्यांच्यावर परमेश्वराचा केवढा अनुग्रह आहे!

घाट उतरून मोकळी जागा मिळताच चिरंजिवांनी गाडी बाजूला घेतली. आम्ही दोघे खाली उतरलो. मागच्या डाव्या चाकाशी वाकून पाहिले आणि माझ्या पोटात धस्स झाले. मडगार्डाची आत दुमडलेली पत्र्याची कड टायरच्या बाहेरच्या बाजूला सुरीसारखी लागत आली होती. रबर हातभर लांब कापले गेले होते आणि आतला धाग्यांचा पदर उघडा पडला होता. टायर अजून फुटला नव्हता एवढेच. घाटात, त्या वळणांवर, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असताना तो फुटला असता तर? त्या चाकाच्या बरोबर वर नातू बसला होता.

चिरंजिवांचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, मला आधी कळायला हवं होतं," तो म्हणाला.

"मला कालच कळलं होतं," मी म्हणालो. "पाडव्याला आवाज ऐकला होता मी. बोललो नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला बरे वाटले असते. "का नाही बोललात?" एवढेच त्याने विचारले. याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. किंवा होते ते रस्त्याच्या कडेला उभे राहून बापाने मुलाला सांगण्याजोगे नव्हते.

स्टेपनी जुनीच होती, चौदा इंची, लोखंडी. ती लावली. बटाटे, डबे आणि बॅग मागून काढून मांडीवर आणि पायांशी घेतली. सौभाग्यवती आणि लेक पुढेमागे सरकल्या, आणि ताशी चाळीसच्या वेगाने, प्रत्येक खड्ड्याला नमस्कार करीत, आम्ही सुरूर फाट्यावरून वाईला पोहोचलो. आक्का ओट्यावर बसलीच होती. तिने मला ओवाळले तेव्हा निरांजनाच्या उजेडात तिला माझ्या डोळ्यांत काय दिसले कोण जाणे, "घाटात काही झालं का रे?" असे तिने विचारलेच. मी म्हटले, "झालं नाही, आक्का. होता होता राहिलं."

परतीचा प्रवास लेक, नातू आणि सौभाग्यवती यांनी एस.टी.ने केला. आम्ही दोघेच रिकामी गाडी घेऊन हळूहळू परत आलो. वाटेत आम्ही फारसे बोललो नाही.

दोन दिवसांनी आम्ही आमच्या नेहमीच्या गॅरेजात गेलो. तिथले मिस्त्री बाहेर आले, आणि माझ्याकडे पाहून एकदम वाकून नमस्कार करते झाले. "सर, ओळखलं नाहीत? नववी ब. भूमितीत तुम्ही मला छत्तीस मार्क दिले होते. त्यातले एक तुमच्या दयेचे."

मी त्यांना खरोखरच ओळखले नव्हते. गाडी नेहमी चिरंजीव आणून टाकीत. पण त्यानंतरच्या तासाभरात त्या छत्तीस गुणांच्या विद्यार्थ्याने मला जी भूमिती शिकविली, तिला मी शंभरांपैकी शंभर देतो.

"सर, चाक गाडीला बसवताना चार-पाच गोष्टी जुळाव्या लागतात," मिस्त्री म्हणाले. "पहिली, नटांची भोकं. तुमच्या गाडीला चार भोकं, शंभर मिलिमीटरच्या वर्तुळावर. ती जुळली आहेत. दुसरी, टायरसकट चाकाची उंची. जुना टायर 165/80, चौदा इंची. नवा 195/60, पंधरा इंची."

मी मनातल्या मनात हिशेब केला. टायरवरचा पहिला आकडा म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेकडा किती ती. म्हणजे जुन्याची भिंत 132 मिलिमीटर. दोन भिंती आणि मधले चौदा इंच मिळून 619.6. नव्याची भिंत 117; दोन भिंती आणि पंधरा इंच मिळून 615. फरक साडेचार मिलिमीटरच्या आसपास, शेकडा एकाहूनही कमी. म्हणजे दुकानदार खोटे बोलला नव्हता. उंची जुळत होती.

"मग नडलं कुठे?" मी विचारले.

मिस्त्रींनी नवे चाक काढले, जमिनीवर पालथे घातले आणि आतल्या बाजूला, आऱ्यांच्या पाठीवर, ओतीव अक्षरांत लिहिलेले दाखविले : 15×7जे, ईटी 35. मग जुने लोखंडी चाक आणून पॉलिशपेपरने गंज घासून काढला. तिथे होते : 14×5जे, ईटी 45.

"पंधरा आणि चौदा हा व्यास. सात आणि पाच ही रिमची रुंदी इंचात. 'जे' म्हणजे रिमच्या कडेचा आकार. आणि हा ईटी म्हणजे ऑफसेट. सगळी गोम इथे आहे."

'ईटी' हे एका जर्मन शब्दाचे लघुरूप. मूळ शब्द 'आइनप्रेसटीफे', असे मला मागाहून वाचनात आढळले. त्याचा अर्थ मिस्त्रींनी मला जर्मन न येता समजावून दिला. त्यांनी पालथ्या चाकावर एक सरळ लाकडी पट्टी आडवी ठेवली, रिमच्या दोन्ही कडांना टेकवून. मग टेपने पट्टीपासून खाली, जिथे चाक गाडीच्या हबला टेकते त्या सपाट भागापर्यंतचे अंतर मोजले. साडेतेरा सेंटिमीटरांहून किंचित जास्त भरले.

"आता चाकाची एकूण रुंदी घ्या. छापील सात इंच म्हणजे टायरच्या कडा जिथे बसतात तिथलं माप. दोन्ही बाजूंच्या ओठांसकट मोजलं तर इंचभर जास्त भरतं. आठ इंच धरा. त्याच्या निम्मे म्हणजे चाकाची मध्यरेषा. ती येते दहा सेंटिमीटरांच्या थोडी पुढे. आणि टेकायची जागा आहे साडेतेराच्या पुढे. मधलं अंतर किती?"

"साडेतीन सेंटिमीटर," मी म्हणालो. "पस्तीस मिलिमीटर."

"हाच ऑफसेट, सर! चाकाची मध्यरेषा आणि हबला टेकायची जागा यांतलं अंतर. टेकायची जागा मध्यरेषेच्या बाहेर, म्हणजे रस्त्याच्या बाजूला असली, तर ऑफसेट अधिक. बरोबर मध्यावर असली तर शून्य. आत, शॉकपच्या बाजूला असली, तर उणे."

इथे माझी गणिती बुद्धी अडखळली. अधिक म्हटले की वस्तू बाहेर यावी, उणे म्हटले की आत जावी, असे आपल्याला सहज वाटते. इथे सगळे उलटे! हब तर गाडीला पक्का. तो हलत नाही. टेकायची जागा चाकाच्या बाहेरच्या अंगाला असेल तर उरलेले सारे चाक आतच जाणार. म्हणजे ऑफसेट जितका अधिक, तितके चाक आत. ऑफसेट जितका कमी, तितके चाक बाहेर. खिळ्याला शर्ट अडकवावा तसे आहे हे : शर्ट कुठे लोंबेल हे खिळ्यावर नाही, तुम्ही त्याला कुठे धरून अडकवता यावर ठरते.

"मग पंचेचाळीसचे पस्तीस झाले, म्हणजे चाक दहा मिलिमीटर बाहेर आलं. दहाच ना?" चिरंजीव म्हणाले. "दहा मिलिमीटर म्हणजे बोटाच्या एका पेराएवढंसुद्धा नाही."

"दहा ऑफसेटचे. आणि रुंदीचे विसरलात?" मिस्त्री हसले. "सर, फळ्यावर मांडून दाखवा."

मी खडूने गॅरेजच्या फरशीवरच मांडले. जुनी रिम पाच इंच, म्हणजे 127 मिलिमीटर; निम्मे 63.5. त्यातून 45 वजा केले की हबच्या टेकण्यापासून बाहेर 18.5, आणि 45 मिळविले की आत 108.5. नवी रिम सात इंच, म्हणजे 177.8, निम्मे 88.9. बाहेर 53.9, आत 123.9. वजाबाकी केली. नवी रिम बाहेरच्या बाजूला 35.4 मिलिमीटर जास्त आली होती आणि आतल्या बाजूला 15.4.

थोडक्यात सूत्र असे : वाढलेल्या रुंदीचे निम्मे दोन्ही बाजूंना वाटायचे, मग ऑफसेट जितका कमी झाला असेल तितके बाहेरच्या अंगाला मिळवायचे आणि आतल्या अंगातून वजा करायचे. दोन इंचांचे निम्मे 25.4. त्यात दहा मिळविले, 35.4. दहा वजा केले, 15.4. इतके सोपे! सातवीतला मुलगाही करील. पण ते करायला हवे हे कुणी सांगावे लागते.

"साडेतीन सेंटिमीटर बाहेर," मिस्त्री म्हणाले. "एकटा माणूस गाडीत असेल तोवर चालून जातं. पाच माणसं आणि दिवाळीचा फराळ भरला की मागची बाजू खाली बसते, आणि मडगार्डाची कड सरळ टायरवर येते. दुकानात गाडी रिकामी असते, सर. म्हणून तिथे सगळं जुळतं."

हे शेवटचे वाक्य मला फार दिवस आठवत राहिले.

मग त्यांनी बाकीच्या दुखण्यांचेही निदान केले. चाकाच्या मधल्या भोकात हबचा गोल उंचवटा घट्ट बसायला हवा. आमचा हब 54.1 मिलिमीटरचा; नव्या चाकाचे भोक 73.1 चे, कारण अशी चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून भोक मोठे ठेवतात. मधली पोकळी भरायला एक कडे घालावे लागते. ते घातलेलेच नव्हते. मग चाक नेमके मध्यावर बसले नाही आणि वेग वाढला की थरथर. टायर मुरण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

आणि खड्ड्यात स्टिअरिंग हिसका का मारी? पुढचे चाक ज्या कलत्या रेषेभोवती वळते, ती रेषा खाली वाढविली तर टायरच्या मध्याजवळच कुठेतरी जमिनीला मिळते. गाडी आखणाऱ्यांनी हे अंतर मोठ्या विचाराने ठरविलेले असते. चाक बाहेर सरकले की टायरचा मध्य त्या बिंदूपासून बाहेर जातो आणि खड्ड्याच्या धक्क्याला तरफ मिळते. "दार बिजागरीजवळ ढकलून बघा आणि कडीजवळ ढकलून बघा," मिस्त्री म्हणाले. बेअरिंगचेही तसेच. पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेतली तर बाई गावभर चालते. तीच हात लांब करून धरायला सांगा, दहा पावलांत खांदा भरून येईल. चाक बाहेर गेले की बेअरिंगला कळशी हात लांब करून धरावी लागते.

"आता उपाय?" चिरंजिवांनी विचारले. "मधे एखादी चकती वगैरे घालून?"

"चकतीने चाक बाहेर येतं, दादा. आत जात नाही. पंचेचाळीसच्या चाकामागे दहाची चकती घातली की ते पस्तीसचं होतं. पस्तीसचं पंचेचाळीस करायचं तर चाकाची टेकायची जागाच तासावी लागेल, म्हणजे चाक तिथे कमजोर करायचं. मी ते करत नाही. काही लोक मडगार्डाची कड ठोकून वर दुमडतात. रोग चाकाला आणि शस्त्रक्रिया पत्र्याला! तेही मी सांगणार नाही."

परत जाऊन दुकानदाराशी बोलावे लागले. तो माणूस वाईट नव्हता. रीतसर वजावट करून त्याने चाके परत घेतली. त्याच्या कपाटात दुसरा एक संच होता : पंधरा इंच, 6जे, ईटी 45. या वेळी मात्र आम्ही बापलेक वही घेऊन गेलो होतो. ऑफसेट तोच, रुंदी एक इंच जास्त, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येकी 12.7 मिलिमीटर, बस्स. आतल्या बाजूला शॉकपपर्यंत किती जागा आहे, मडगार्डाच्या कडेपर्यंत किती आहे, हे मिस्त्रींनी आधीच गाडी पूर्ण भरून मोजून दिले होते. रिमपेक्षा टायर फुगीर असतो, त्याचीही सूट धरली होती. कडी मागून घेतली. कापलेला टायर मात्र गेला. बाजूच्या भिंतीला झालेली जखम शिवत नाहीत. त्याचे पैसे मी दिले. चिरंजीव नको म्हणत होते. मी म्हटले, "हा माझ्या गप्प बसण्याचा दंड आहे. मला भरू दे." विमा कंपनीलाही चाके बदलल्याचे लेखी कळवून टाकले; नंतर त्यांनी चष्मा पुसून कलमे वाचण्यापेक्षा आधी आपण सांगितलेले बरे.

मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी परीक्षा झाली. सौभाग्यवती, मी, शेजारचे दोन भरभक्कम गृहस्थ (त्यांना चहाचे आमिष दाखवावे लागले) आणि डिकीत तेच ते बटाटे. गाडी त्या स्पीडब्रेकरवरून तीनदा नेली. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिले. आवाज नाही. शेजारी खाली उतरून म्हणाले, "मास्तर, एवढ्याशा चाकासाठी केवढा खटाटोप!" मी हसलो. त्यांना खंबाटकीचा घाट सांगायला गेलो नाही.

त्या रात्री जेवणानंतर मी आणि चिरंजीव गॅलरीत उभे होतो. खाली गाडी उभी होती. चाके चमकत होती, पण आता पदराआड. तो म्हणाला, "बाबा, मला वाटलं होतं तुम्हाला ती चाकं खरंच आवडली."

"मला ती आवडली होती रे. तू आणली होतीस म्हणून आवडली होती."

"मग आवाजाचं सांगायला काय हरकत होती?"

मी थोडा वेळ विचार केला. मग खरे ते सांगितले. "तुझ्या लहानपणी मी तुझ्या प्रत्येक वहीत चुका काढल्या. शाळेत काढायचो, घरीही काढायचो. तू एकदा मला चित्र दाखवायला आणलं होतंस, आणि मी त्यातल्या घराचं छप्पर तिरकं आहे एवढंच म्हणालो होतो. त्यानंतर तू मला चित्र दाखवलं नाहीस. या खेपेला मी ठरवलं होतं, काहीही झालं तरी लाल शाई काढायची नाही."

तो काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "छप्पर खरंच तिरकं होतं, बाबा."

आम्ही दोघेही हसलो. आतून सौभाग्यवतींनी विचारले, एवढे हसायला काय झाले? काय सांगणार?

त्या दिवसापासून आमच्यात एक करार झाला आहे. गाडी स्पीडब्रेकरवरून उतरली, किंवा आयुष्यातल्या दुसऱ्या कुठल्या खड्ड्यातून बाहेर आली, की चिरंजीव विचारतात, "बाबा, काही आवाज आला का?" आणि आला असला तर मी 'आला' म्हणतो. लाल शाईने नव्हे, पेन्सिलीने. पण म्हणतो.

2024 ची भाऊबीज आली. तीच माणसे, तेच डबे, तोच घाट. प्रत्येक वळणावर मी कान देऊन बसलो होतो. वरच्या वळणावर नातू मागून ओरडला, "आजोबा, आवाज!" चिरंजिवांनी चटकन गाडी बाजूला घेतली. आम्ही दोघांनी उतरून चारही चाके वाकून पाहिली. काही नव्हते. मग डिकी उघडली. चकल्यांच्या डब्याचे झाकण सैल झाले होते आणि ते खडखडत होते.

झाकण घट्ट लावले आणि पुढे निघालो. आक्का ओट्यावर वाट पाहत होती.